येऊरच्या डोंगरातले टोपी माकड

टोपी माकड ही मकाक गटातली, लहान चणीची आणि लांब शेपटीची जात. निसर्गतः ती फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळते. तीन बाजूंना समुद्र आणि उत्तरेला ढोबळमानाने तापी व गोदावरी, एवढाच तिचा मुलूख. या मुलखाच्या पश्चिमेकडच्या वरच्या भागात ठाणे जिल्हा येतो. ठाणे शहरातल्या खोपटच्या एसटी स्थानकापासून येऊरच्या डोंगराचा पायथा चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथून वर चढत जाणारे जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. बस आणि लोकलच्या गर्दीच्या इतक्या जवळ माकडांचा एक अख्खा समाज स्वतःच्या रीतीभातींनी जगतो. शहराच्या वाट्याला आलेली ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे जावे तेवढे लक्ष जात नाही.

शास्त्रात या जातीला मकाका रेडिएटा म्हणतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जॉफ्रुआ सेंत-इलेर यांनी १८१२ मध्ये तिचे वर्णन केले. डोक्याच्या मध्यापासून चहूकडे पसरलेले लांब केस ही तिची पहिली खूण. कपाळावर केस आखूड असतात आणि त्यांच्या मधोमध भांग पाडल्यासारखी रेघ दिसते. पाठ मातकट करडी, पोट फिकट, चेहरा गुलाबीसर, कान मोठे, खालच्या ओठाची कड गडद. पूर्ण वाढलेला नर सरासरी साडेसहा किलोच्या आसपास भरतो, मादी चार किलोच्या. शेपूट मात्र धडाइतकी किंवा धडाहून लांब असते आणि फांदीवरून चालताना तोल सांभाळायच्या कामी येते.

राष्ट्रीय उद्यानात माकडांच्या तीन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ नेहमी होते. काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे, उंच शेपटीचे ते वानर. त्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते, त्यामुळे निबर पानेही त्याला पचवता येतात. उरलेली दोन्ही लाल तोंडाची माकडे. त्यांतले एक टोपी माकड आणि दुसरे रेसस, म्हणजे उत्तर भारतातल्या देवळांत आणि रेल्वे स्थानकांत दिसते ते. रेससची शेपूट आखूड, धडाच्या निम्म्याइतकी. त्याच्या डोक्यावर केसांची टोपी नसते आणि कमरेखालचा भाग नारिंगीकडे झुकणारा असतो. लोकांच्या बोलण्यात दोन्हींना माकडच म्हणतात. पुढे येणारा सगळ्यात काळजीचा मुद्दा याच दोघांच्या फरकावर उभा आहे, म्हणून तो नीट ध्यानात ठेवलेला बरा.

सह्याद्रीच्या सदाहरित वर्षावनापासून दख्खनच्या कोरड्या झुडपी रानापर्यंत टोपी माकड कुठेही तग धरते. कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतल्या दाट वर्षावनाच्या गाभ्यात त्याचा भाऊबंद सिंहपुच्छ माकड राहतो. तो वर्षावनाबाहेर फारसा पडत नाही आणि महाराष्ट्रात तर नाहीच. टोपी माकडाने मात्र जंगलाच्या कडा, ओढ्याकाठची झाडी, देवराया, घाटरस्ते आणि गावकुसे आपली मानली. महाबळेश्वर, माथेरान आणि कान्हेरीची लेणी पाहणाऱ्या प्रत्येकाने ते जवळून पाहिलेले असते.

येऊरचे जंगल वर्षावन नव्हे. ते पानगळीचे, पण भरपूर पावसाचे जंगल आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात ओढ्यांच्या घळींतून सदाहरित झाडांचे पट्टे टिकून आहेत. पावसाळ्यात सगळीकडे हिरवे गच्च असते. फेब्रुवारीनंतर डोंगरमाथे उघडे पडू लागतात आणि मग माकडांच्या टोळ्या घळींकडे, पाण्याच्या जवळ सरकतात. त्यांचे वर्ष झाडांच्या फळण्यावर बेतलेले असते. काटेसावर आणि पळस फुलले की त्यांची फुले आणि फुलांतला रस, मग करवंदे आणि आंबे, पावसाच्या तोंडावर जांभळे, थंडीत बोरे. या सगळ्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचा आधार म्हणजे उंबर, वड आणि पिंपळ. या कुळातली सगळी झाडे एका वेळी फळत नाहीत. एक उंबर संपतो तेव्हा दुसऱ्या घळीतला भरात असतो, त्यामुळे रानात बाकी काही नसले तरी कुठे ना कुठे फळ असतेच. कोणते झाड कधी पिकते हे टोळीतल्या वयस्क माद्यांना ठाऊक असते आणि टोळी बहुधा त्यांच्या मागे चालते.

फळांशिवाय कोवळी पाने, कोंब, शेंगा, बिया, कोळी, नाकतोडे, अळ्या आणि मुंग्या हेही खाणे असतेच. दगड उलटवून, सालीच्या भेगा चाचपून किडे काढण्यात दिवसाचा बराच वेळ जातो. मकाक गटाच्या माकडांना गालांत पिशव्या असतात. पिकलेल्या झाडावर गर्दी झाली की माकड भराभर फळे गालांत कोंबते, बाजूच्या झाडावर जाऊन बसते आणि एकेक फळ बोटाने पुढे ढकलत सावकाश खाते. गर गिळला जातो, मोठ्या बिया थुंकल्या जातात. म्हणजे बी आईझाडाच्या सावलीतून बाहेर पडते. लहान बिया पोटातून जातात आणि विष्ठेबरोबर दूर पडतात. येऊरच्या उतारावर उगवणारी कितीतरी रोपे अशा थुंकण्यातून आलेली असतात.

दिवस उजाडताना टोळी झोपायच्या झाडावरच थोडा वेळ उन्हाला बसते. नंतर पहिले मोठे खाणे. दुपारी ऊन चढले की सावलीत विसावा, पिल्लांचा धुडगूस आणि एकमेकांचे केस विंचरणे. चारच्या पुढे पुन्हा खाणे आणि अंधार पडण्याआधी झाडावर. ही माकडे चांगली पोहतात. उन्हाळ्यात डोहाकाठी असली की तरुण माकडे फांदीवरून थेट पाण्यात उड्या घेतात.

रात्र हा त्यांच्या जगण्यातला सर्वांत धोक्याचा काळ. या राष्ट्रीय उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या जंगलात २०१५ च्या कॅमेरा-सापळा अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. बिबट्या झाडावर चढतो, पण त्याच्या वजनाने बारीक फांदी वाकते. माकडांच्या झोपण्याचे गणित यावरच बसलेले आहे. उमा रामकृष्णन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले रिचर्ड कॉस यांनी दक्षिण भारतात टोपी माकडांच्या झोपण्याच्या जागांचा अभ्यास केला. माकडे उंच झाडे निवडतात आणि खोडापासून लांब, फांद्यांच्या टोकांकडे, एकमेकांना बिलगून घोळक्याने झोपतात. तिथवर बिबट्या आला तरी फांदी हलते आणि सगळ्यांना जाग येते. याच संशोधकांनी बिबट्याच्या प्रतिकृती दाखवूनही पाहिले. ठिपकेदार बिबट्या दिसताच माकडे जेवढी बिथरली तेवढी काळ्या बिबट्याला पाहून बिथरली नाहीत. म्हणजे भीतीची खूण ठिपक्यांत आहे. जिथे बिबट्या नाही अशा वस्तीतली माकडेही ठिपके पाहून पळाली. सांबर आणि वानर यांचे इशारेही टोपी माकडांना समजतात. दुसऱ्या जातीने दिलेली हाक ऐकून ती झाडावर चढतात.

मात्र या जातीचे खरे वेगळेपण तिच्या समाजात आहे. टोळीत साधारण वीस ते पन्नास माकडे असतात, कधी कमी, कधी जास्त. माद्या जन्मल्या टोळीतच आयुष्य काढतात. आई, तिच्या मुली, मुलींच्या मुली अशी घराणी तयार होतात आणि मुलीची पायरी आईच्या पायरीवरून ठरते. वरच्या घराण्यातल्या पोरीसमोर खालच्या घराण्यातली प्रौढ मादी वाट सोडते. पायरी कुणाची कोणती हे प्रत्येकीला ठाऊक असते आणि ते सतत वापरात असते.

बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतले अनिंद्य सिन्हा यांनी या जाणिवेचा एक सुंदर पुरावा मांडला. दोन माद्या एकमेकींचे केस विंचरत बसल्या आहेत आणि त्या दोघींहून वरची तिसरी मादी येते आहे. अशा वेळी बहुधा दोघींमधली खालची उठून जाते. सोपी वाटणारी ही गोष्ट सोपी नाही. उठायचे की बसायचे हे ठरवायला मादीला येणारीच्या तुलनेत स्वतःची पायरी कळून भागत नाही. शेजारी बसलेली आपल्यापेक्षा वर की खाली, हेही माहीत हवे. टोळीची ही उतरंड मादीच्या डोक्यात असते आणि क्षणात तपासली जाते.

केस विंचरणे हे उवा काढण्यापुरते नसते. कातडीवरचे कोंड्याचे आणि घामाच्या क्षारांचे कण, सुकलेल्या जखमेची खपली, काटा, गोचीड असे सगळे निघते खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातून संबंध बांधले आणि दुरुस्त केले जातात. भांडणानंतर, नवे पिल्लू जवळून पाहायची परवानगी हवी असताना, वरच्याची मर्जी राखायची असताना माकड दुसऱ्याच्या केसांत हात घालते. ओठांची झपाझप उघडझाप हा सलोख्याचा इशारा. दात दाखवून ओठ मागे ओढणे हे बहुधा नमते घेणे असते. माणसे त्याला हसणे समजतात आणि आणखी जवळ जातात. त्यातून चावे होतात.

मकाक गटातल्या बहुतेक जातींत प्रौढ नर एकमेकांपासून अंतर राखतात. टोपी माकडांचे नर बिलगून बसतात, एकमेकांचे केस विंचरतात, मोठे झाल्यावरही खेळतात. पॉल सायमंड्स यांनी १९६० च्या दशकात दक्षिण भारतातल्या टोळ्या पाहून हे नोंदवले आणि नंतरच्या अभ्यासकांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. पायरीची चढाओढ नरांत आहेच, मारामाऱ्याही होतात. तरी सहन करण्याची त्यांची कुवत रेससपेक्षा खूप जास्त आहे. रागाच्या भरात एका टोळीवरून सगळ्या माकडजातीला भांडखोर ठरवणाऱ्यांनी दुपारच्या विसाव्यातले हे नर पाहायला हवेत.

वयात येणारे नर बहुधा टोळी सोडतात. काही काळ एकटे किंवा जोडीने भटकतात आणि मग दुसऱ्या टोळीत शिरायचा प्रयत्न करतात. वर्तकनगर, पोखरण रस्ता किंवा त्याहून खाली खोपट-नौपाड्यासारख्या भरवस्तीत एखादे एकटे माकड गच्चीवर दिसते, तेव्हा ते बहुतेक अशाच प्रवासातला नर असते. ते पिसाळलेले नसते, टोळीने टाकलेलेही नसते. पाठलाग झाला नाही आणि खायला मिळाले नाही, तर ते आपल्या वाटेने निघून जाते.

समागमाचा काळ मुख्यतः पावसाळा सरता सरता आणि त्यानंतरचा. गर्भकाळ साडेपाच महिन्यांच्या आसपास, म्हणून बहुतेक पिल्ले फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जन्मतात. एका वेळी एकच. नवजात पिल्लाचे केस काळपट, चेहरा फिका गुलाबी. पहिले काही आठवडे ते आईच्या पोटाला घट्ट धरून असते. आई उड्या मारते, पळते, झाडे चढते आणि पिल्लू खालून लटकलेले असते. दूध पाजणाऱ्या आईची भूक मोठी असते. करवंद-जांभळांचे दिवस नेमके त्याच वेळी येतात. पिल्लू सहा-सात महिन्यांनी बऱ्यापैकी स्वतंत्र खाऊ लागते. टोळीतल्या इतर माद्या आणि नरसुद्धा पिल्लांना हाताळतात, उचलून नेतात.

या सामुदायिक सांभाळाचा अर्थ न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत उघड झाला. लेनर्ड रोझेनब्लम आणि चार्ल्स कॉफमन यांनी १९६० च्या दशकात टोपी माकडे आणि आग्नेय आशियातली डुक्करशेपटी माकडे यांची तुलना केली. आईला टोळीतून काढून घेतल्यावर डुक्करशेपटी माकडांची पिल्ले आधी आकांत करत आणि मग मान टाकून, अंग आखडून बसत. टोपी माकडांच्या पिल्लाला मात्र दुसऱ्या माद्या लगेच पोटाशी घेत आणि पिल्लू सावरत असे. प्रयोग निष्ठुर होता. पण जी जात एकमेकांना बिलगून जगते तिच्या पिल्लाला आई गेल्यावरही आसरा मिळतो, हे त्यातून निर्विवाद दिसले.

मराठी घरांत लहान मुलांना माकडिणीची एक गोष्ट सांगतात. हौदात पाणी चढते, नाकातोंडाशी येते, तेव्हा ती पिल्लाला पायाखाली घेऊन त्यावर उभी राहते. प्रत्यक्ष टोपी माकडांचे वागणे याच्या उलट आहे. मेलेले पिल्लूसुद्धा कित्येक माद्या बराच काळ सोबत वागवतात, त्याचे केस विंचरतात, त्यावरच्या माश्या हाकलतात. या जातीच्या बाबतीत अशा नोंदी शास्त्रीय नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. ती गोष्ट माणसांच्या भीतीबद्दल काही सांगत असेल, माकडिणीबद्दल नाही.

माणसाशी या जातीचा संबंध जुना आणि गुंतागुंतीचा आहे. मारुतीचे भक्त तिला खाऊ घालतात. माकडवाले तिला दोरीला बांधून दारोदार नाचवत असत. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने माकडांचे असे खेळ बंद केले. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागायतदारांना वानर आणि माकडे दोन्ही नकोशी झाली आहेत. नारळाची कोवळी फळे, आंबा, काजू, केळी आणि परसातली भाजी यांचे नुकसान खरे आहे आणि ज्याचे वर्षाचे उत्पन्न त्यात जाते त्याला निसर्गप्रेमाचे धडे देणे अन्यायाचे आहे.

शहराच्या कडेला प्रश्न वेगळा आहे. तिथे माकड पीक खायला येत नाही, माणसाने दिलेले खायला येते. बंडीपूरच्या जंगलात अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की तिथली टोपी माकडे पर्यटकांकडे विशिष्ट आवाज काढून आणि हात पुढे करून अन्न मागतात. माणसाचे लक्ष आपल्याकडे आहे का हे ती पाहतात आणि खायला मिळाले की मागणे थांबवतात. जंगलातल्या माकडाने माणसाशी संवादाची रीत स्वतः तयार केली, हे विलक्षण आहे. त्याच वेळी ते घातकही आहे. फरसाण, बिस्किटे, ब्रेड आणि केळी मिळू लागली की टोळीचा दिवस बदलतो. दहा मिनिटांत पोट भरते, मग उंबराची वाट कोण धरणार? थोड्या जागेत पुष्कळ आणि चविष्ट अन्न आल्यामुळे वरच्या आणि खालच्या पायरीतल्या मारामाऱ्या वाढतात. रस्त्याच्या कडेला गाड्यांखाली माकडे येतात. माणसाच्या हातातली पिशवी म्हणजे खाणे हे पिल्ले आईकडून शिकतात आणि मग पिशवी ओढली जाते, ग्रिल सैल केली जाते, फ्रिज उघडला जातो. त्यानंतर सोसायटीची तक्रार येते, पिंजरा येतो. या साखळीची पहिली कडी बहुतेक वेळा दयेने दिलेले केळे असते.

राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना खाऊ घालायला मनाई आहे आणि ती योग्य आहे. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी उपाय साधे आहेत: ओला कचरा झाकलेल्या डब्यात, खिडक्यांना जाळी, गच्चीवर धान्य वाळत न घालणे, माकडाच्या डोळ्यांत रोखून न पाहणे, दात दाखवणाऱ्या माकडापासून मागे सरणे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा लागतो.

रोगाचा दुसरा धागा सिंधुदुर्गाकडून येतो. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला विषाणू २०१६ पासून दोडामार्ग भागात माणसांना आजारी करू लागला. लोक त्याला माकडताप म्हणतात. तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो आणि वानर व टोपी माकडे त्याने मरतात. माकडाचे मरण तिथे गावाला मिळालेली पहिली सूचना असते. काजूच्या बागेत मेलेले माकड दिसले की त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचे असते. रोगाचे नाव माकडाच्या माथी बसले, वास्तविक माकड त्याचा बळी आहे.

टोपी माकड सगळीकडे दिसते, म्हणून ते भरपूर आहे असा समज आहे. तो चुकीचा ठरला आहे. म्हैसूर विद्यापीठातले मेवा सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या रस्त्यांलगतच्या टोळ्या वर्षानुवर्षे मोजल्या. पंचवीस वर्षांत ही संख्या निम्म्याहून खाली आली. रस्ते रुंद करताना दुतर्फा असलेले जुने वड तोडले गेले, हे त्यामागचे मोठे कारण. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जात पूर्वी चिंता नसलेल्या गटात होती. आता ती असुरक्षित गटात आहे.

दुसरे कारण रेसस. ते अंगाने भरदार आणि अधिक आक्रमक आहे. ऋषी कुमार, सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की रेसस दक्षिणेकडे सरकते आहे आणि जिथे ते पोहोचते तिथून टोपी माकड नाहीसे होते. यात माणसाचा हात मोठा आहे. एका गावातली नकोशी माकडे पकडून दुसऱ्या रानात सोडली जातात, ती कोणत्या जातीची आहेत हे न पाहता. रेससला सारा उत्तर भारत आणि आशियाचा मोठा भाग मोकळा आहे. टोपी माकडाला मागे सरायला द्वीपकल्पाखेरीज जागा नाही, आणि ठाणे जिल्हा त्या सरकत्या सीमेच्या अगदी जवळ आहे.

कायद्यानेही आता दोघांना वेगळे केले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही दोन्ही माकडे पूर्वी एकाच अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने रेसस अनुसूचीबाहेर गेले आणि टोपी माकड पहिल्या अनुसूचीत आले. त्यामुळे ठाणे-कल्याण पट्ट्यात पिंजरा लावला जातो तेव्हा आत आलेले माकड कोणते, हा पहिला प्रश्न व्हायला हवा. शेपटीची लांबी आणि डोक्यावरचे केस पाहून उत्तर मिनिटभरात मिळते. टोपी माकड असेल तर ते पकडल्या जागेच्या जवळच्या जंगलात, आपल्या टोळीच्या वावराच्या हद्दीत परत जायला हवे, आणि रेसस असेल तर ते येऊरमध्ये किंवा सह्याद्रीच्या कोणत्याही नव्या घळीत सोडले जाता कामा नये.